उणे वीस अंशांत रंग कसा टिकतो?

६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरचा रेल्वेपूल सुरू झाला. नदीपात्रापासूनची त्याची ३५९ मीटर उंची सगळीकडे छापून आली. तो उभारून घेणाऱ्या कोकण रेल्वेचं मुख्यालय आपल्या बेलापूरला आहे, हेही अनेकांना ठाऊक आहे. मी औद्योगिक रंगकामात वावरतो, त्यामुळे माझी नजर आधी त्या पोलादावरच्या रंगाकडे गेली. हिमालयातल्या लोखंडाला कुठला रंग चालतो आणि तो कुठून आला, याची ही पार्श्वभूमी.

गंज काय असतो हे मुंबईकराला सांगायला नको. खिडकीची जाळी दर दोन-तीन वर्षांनी खरवडावी लागते. थंडी मात्र आपल्याला परकी. सांताक्रूझला नोंदलेलं सर्वात कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ रोजी. म्हणून एक गैरसमज सहज होतो, की कडाक्याच्या थंडीत लोखंड जास्त गंजतं. प्रत्यक्षात पाणी गोठलं की गंजाची क्रिया जवळजवळ थांबते. थंडी आधी रंगाला गाठते. पारा उतरला की पोलाद थोडं आकसतं, रंगाचा थर त्याच्या कितीतरी पट आकसू पाहतो. पण तो पोलादाला चिकटलेला, जाणार कुठे? ताण वाढत जातो आणि कडक रंगाला बारीक भेग पडते. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी त्या भेगेत शिरतं, रात्री गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भेग रुंदावतं. बर्फ सरल्यावर जे पोपडे दिसतात, त्यांची सुरुवात हिवाळ्यातच झालेली असते.

या रंगांचा पूर्वज आपल्या ओळखीचा आहे. गावोगावच्या मारुतीला तेलात कालवून लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तेच जवसाच्या तेलात घोटून युरोपात लोखंडी पुलांना पहिला हात म्हणून लावत. स्कॉटलंडचा १८९० साली खुला झालेला फोर्थ पूल असाच शेंदराने रंगवला होता. जवसाचं तेल लोखंडाच्या खाचाखोचांत मुरतं आणि शेंदूर गंजाला थोपवतो, त्यामुळे ही जोडी अनेक दशकं चालली. दोष दोन. शिसं विषारी, आणि तेल वर्षानुवर्षं वाळत कडक होत जातं. जुन्या देवळात थरावर थर चढून झालेलं शेंदराचं कवच एक दिवस आपोआप गळून पडतं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जाड, कडक थराचं दुखणं वेगळं समजवावं लागत नाही.

मुंबईत रंगाचा धंदा रुजला तो याच तेलाच्या जमान्यात. आजच्या नेरोलॅकचं मूळ १९२० साली लोअर परळला सुरू झालेल्या कारखान्यात आहे, तर एशियन पेंट्स १९४२ साली गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये जन्मली. तिकडे परदेशात रसायनं बदलत होती. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन ही कृत्रिम राळ शोधली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां इपॉक्सी या दुसऱ्या राळेवर काम करत होते. इपॉक्सी लोखंडाला घट्ट धरतं पण उन्हात भुकटी सोडतं. पॉलियुरेथेन ऊन सोसतं आणि थोडं लवतं. म्हणून खाली जस्ताचा प्रायमर म्हणजे पहिला हात, मध्ये इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन ही उतरंड रूढ झाली.

खऱ्या थंडीची परीक्षा झाली अलास्कात. १९७७ साली सुरू झालेली तिथली तेलवाहिनी सुमारे १,२८७ किलोमीटरची. खालची गोठलेली जमीन गरम तेलाने वितळू नये म्हणून निम्म्याहून जास्त लांबी खांबांवर उचललेली आहे, बाकीची पुरलेली. दुखलं ते पुरलेल्या भागात. पाइपाच्या आवरणाखाली ओल पोहोचली आणि १९९१ साली अटिगन नदीच्या खोऱ्यातली साडेतेरा किलोमीटरच्या आसपासची वाहिनी बदलावी लागली. रंग नुसता चांगला असून भागत नाही, तो चिकटून राहिला पाहिजे, हे तिथे फार महागात शिकायला मिळालं.

उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मनी ही शिकवण चाचणीत उतरवली. आज आयएसओ १२९४४ या पोलादावरच्या रंगाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नवव्या भागात असलेली ही परीक्षा मला फार आवडते. रंगवलेल्या पट्टीवर मुद्दाम चीर पाडतात. मग ७२ तास अतिनील प्रकाश आणि दमटपणा, ७२ तास खारा फवारा, २४ तास उणे वीस अंश. असे पंचवीस आठवडे. शेवटी चिरेपासून गंज किती आत सरकला ते मोजतात. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागल्यापासून समुद्रातलं लोखंड सांभाळायचं काम आपल्याही दारात आहे, पण त्यात गोठणं नाही. फोर्थ पूलसुद्धा शेवटी याच समुद्री घराण्यातल्या, काचेच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या इपॉक्सीने रंगवला. जुने थर ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून, उतरवून ते काम २०११ साली पुरं झालं.

हे सगळं कळूनही कामावर गफलत होतेच. काही वर्षांपूर्वी काश्मीर खोऱ्यात टाकीचे पत्रे रंगवायला आमची मुलं गेली होती, ऑक्टोबर अखेरीस. सकाळी रंगाऱ्याचा फोन आला, "दादा, रंगाला घाम आलाय." फोटो पाहिला. दुधावर साय धरावी तशी पांढुरकी, चिकट झिल्ली. पुरवठादाराने उन्हाळी हार्डनर, म्हणजे इपॉक्सीत मिसळून तो घट्ट करणारा घटक, पाठवला होता. दहा अंशांखाली तो मंदावतो आणि न मुरलेला भाग हवेतली ओल व कार्बन डायऑक्साइड ओढून वर ही साय धरतो. तिच्यावर दुसरा हात मारला असता तर पहिल्याच हिवाळ्यात साल निघाली असती. मुलांनी कोमट पाण्याने एकेक पत्रा धुतला, फडक्याने कोरडा केला. लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होतं त्यापेक्षा) निदान तीन अंश गरम होईपर्यंत, म्हणजे अकरा वाजेपर्यंत, ब्रश उचलायचा नाही असं ठरलं. हा नियम त्यांना पाठ होता, मुंबईच्या जुलैमुळे.

त्यानंतर आम्ही पत्रे तळोज्यातच, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, तिन्ही हात मारून पाठवतो. वर फक्त बोल्टचे सांधे उरतात, तेही हिवाळी हार्डनरने, भर दुपारी.