लायका एम३

लायका एम३ हा ३५ मिमी फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे दोन खिडक्यांतल्या प्रतिमा जुळवून फोकस साधणारा. जर्मनीतील वेट्झलार येथील अर्न्स्ट लाइट्झ कंपनीने तो १९५४ मध्ये आणला. १९६६ पर्यंत सुमारे सव्वादोन लाख कॅमेरे तयार झाले.

या कॅमेऱ्याचा जीव त्याच्या डोळा लावून पाहायच्या खिडकीत आहे. आधीच्या लायकांमध्ये एका भोकातून फोकस साधायचा आणि दुसऱ्यातून चौकट ठरवायची, तोवर समोरचा माणूस हललेला असे. एम३ मध्ये दोन्ही कामे एकाच ठिकाणी आली. ही कल्पना मात्र लाइट्झची नव्हे. झाइस इकॉन या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या काँटॅक्स २ कॅमेऱ्यात ती १९३६ पासूनच होती.

कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला सुमारे सात सेंटिमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. डोळा लावला की मोठ्या खिडकीतल्या दृश्याच्या मधोमध एक छोटा उजळ चौकोन दिसतो. त्यातली प्रतिमा दुसऱ्या खिडकीतून आलेली असते. सुरुवातीला चेहऱ्याला दोन नाके दिसतात. लेन्सची कडी फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस जमला. दृश्य प्रत्यक्षाच्या ०.९१ पट दिसत असल्याने दुसरा डोळाही उघडा ठेवता येतो. ५० मिमीची चौकट कायम दिसते, बसवलेल्या लेन्सनुसार ९० किंवा १३५ मिमीची चौकट आपोआप उमटते. जवळ फोकस करताना चौकट किंचित सरकून पॅरलॅक्सची, म्हणजे खिडकी आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्याने होणारी, चूक भरून काढते. ३५ मिमी लेन्ससाठी मात्र चौकटच नाही. तिला चौकट पाहायचा वेगळा फाइंडर किंवा खिडक्यांसमोर येणारा भिंगांचा चष्मा जोडलेली लेन्स लागते.

शटर रबर लावलेल्या कापडाचे, १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत. एसएलआर कॅमेऱ्यांत फोटो घेताना उडणारा आरसा इथे नसल्याने आवाज अगदी हलका. फिल्म पुढे नेण्यासाठी सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत तरफ दोनदा ओढावी लागे, नंतर एकदाच. प्रकाशमापक नाही, तो वरून बसवायचा किंवा अंदाजाने भागवायचे. फिल्म भरायला तळाची पट्टी काढावी लागते. ती ठेवायची कुठे, हा रस्त्यावर उभ्याने फिल्म बदलणाऱ्याचा जुना प्रश्न. बरेच जण ती दातांत धरतात.

आटे फिरवून बसवायच्या लेन्सऐवजी संगिनीसारखी अडकवायची एम बैठक याच कॅमेऱ्याने आणली. ती आजच्या डिजिटल एम लायकांवरही आहे. एम३ च्या खिडकीतून पाहणारा छायाचित्रकार लेन्समधून पाहत नसतो. त्यामुळे झाकण काढायचे राहिले तरी खिडकीत सगळे लख्ख दिसते आणि अख्खा रोल कोरा निघू शकतो.