नाटकाचा ड्रेस ठरवायला येताय? आधी एवढं वाचून या

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक जण फोटो दाखवतात, असा राजाचा कोट हवाय, असा झगा हवाय. फोटो आणाच, पण आम्हाला त्याहून जास्त हे कळायला हवं असतं की तो कोट घालून माणूस स्टेजवर करणार काय. तलवार उपसणार, पायऱ्या चढणार, धाडकन पडणार की नुसता खुर्चीत बसणार? कटिंग त्यावर ठरतं. मागे एक कोट उभ्या माणसाला एकदम फिट बसला होता आणि तालमीत त्याने दोन्ही हात वर केले तर अख्खा कोट कानापर्यंत वर, मग रात्री बसून बाह्या उसवल्या, बगलेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा घातला. तेव्हापासून ट्रायलला आम्ही सगळ्यांना हात वर करायला, खाली बसायला, वाकायला लावतो. लाजू नका, नीट वाका.

मापं फोनवर ‘मीडियम’ अशी सांगू नका प्लीज. छाती, कंबर, सीट, खांदा, बाही तर लागतंच, शिवाय मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठ, आणि टोपी किंवा विग असेल तर डोक्याचा घेर. टेप लावल्यावर पोट आत ओढू नका, प्रयोगात श्वास घ्यायचाय. प्रयोगात घालणार तेच बूट आणा, टाच बदलली की झग्याचा घेर जमिनीला लागतो नाहीतर अधांतरी राहतो. अवघड ड्रेस आम्ही आधी मांजरपाटात, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडात, कच्चा शिवून बघतो, त्यामुळे दोन ट्रायलचा वेळ हातात ठेवा.

विंगेत घाईने कपडे बदलायचे असतील तर ते पहिल्याच दिवशी सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मग आम्ही समोरची बटणं नुसती वरून दिसायला लावतो आणि खाली मोठी टिचबटणं, अंधारात दोन हातांनी ओढलं की शर्ट निघाला. वेलक्रोही चालतो, पण शांत सीनमध्ये त्याची चर्रर्र पहिल्या रांगेपर्यंत जाते म्हणून आम्ही तो शक्यतो टाळतो. कॉलर माईक असेल तर त्याच्या डबीसाठी पाठीला खिसा लागेल.

पांढरा शर्ट जरा मळकट वाटला तर तो जुना नाही, मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवलाय, कारण लाईटखाली शुभ्र पांढरा इतका चमकतो की चेहऱ्याकडे लक्षच जात नाही.

भाड्याचा ड्रेस आतून बघाल तर शिलाईत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली दिसेल. ती कापू नका, तिच्यामुळेच तो ड्रेस पुढच्या जाड-बारीक माणसाला सैल-घट्ट करता येतो. घट्ट वाटला तर आम्हाला फोन करा, सेफ्टीपिन लावू नका, रेशीम फाटतं.

परत देताना धुऊन, इस्त्री करून देऊ नका, घामावर इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो. खोट्या रक्तावर गरम पाणी तर अजिबात नको, गार पाण्याने हलकेच टिपा. घामाचा वास आमच्यावर सोडा, पाण्यात व्होडका मिसळून आतून फवारतो आणि वाऱ्यावर टांगतो. तुटलेला हुक, निघालेलं बटण खिशात घालून आणा, आणि कुठे उसवलंय ते चिठ्ठीवर लिहून हँगरला अडकवा.