स्विमिंग पूल बंद करा, रिकामा करू नका

मे महिना संपत आला की ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये कोणीतरी सुचवतंच: पावसाळ्यात पोहायला कोण येणार, पूल रिकामा करून टाकू, केमिकलचा आणि विजेचा खर्च वाचेल. ऐकायला हिशोब पटतो. पण जिथे पूल वर्षातले सहा-सात महिने बंद ठेवावाच लागतो, त्या थंड देशांतही तो सहसा कोरडा करत नाहीत.

कॅनडातल्या टोरोंटोचंच बघा. तिथे घरामागचा पूल सप्टेंबर-ऑक्टोबरात बंद होतो आणि साधारण मे महिन्यात उघडतो. मधल्या काळात पारा उणे दहाच्याही खाली जातो. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकते ती त्यामुळेच. मग पूल का तडकत नाही? कारण त्याला वरून बाटलीसारखं घट्ट झाकण नसतं, बर्फाला वर सरकायला जागा असते. शिवाय पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. त्याहून गार पाणी हलकं होऊन वर राहतं, बर्फ वरूनच धरायला लागतो आणि तळाशी पाणी पाणीच राहतं.

पाइपांना ही मुभा नाही. पाइपात एका जागी बर्फाचा बोळा धरला की तो वाढताना पुढचं पाणी बंद व्हॉल्व्हकडे रेटतो. दाब वाढत जातो आणि पाइप बऱ्याचदा बर्फापाशी न फुटता पुढे, अजून न गोठलेल्या पाण्यापाशी फुटतो. म्हणून तिथे पुलातलं पाणी थोडं उतरवतात, पाइपांतलं पाणी हवेच्या झोताने बाहेर काढतात, तोंडांना रबरी बुचं मारतात, पंप आणि फिल्टर निथळून घेतात. कुठे पाणी राहिल्याची शंका असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल ओततात. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल चालत नाही, ते विषारी असतं. वर जाड ताडपत्रीसारखं आच्छादन: ऊन नाही, म्हणजे शेवाळालाही वाढायला वाव नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळंच पाणी का काढत नाहीत? कारण जमिनीखालचं पाणी. जमिनीत बांधलेला पूल ही एका अर्थी होडीच असते, आतल्या पाण्याच्या वजनाने दबून बसलेली. भूजल तळापेक्षा एक मीटर वर आलं, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला एक टन जोर खालून वर लागतो. दहा मीटर बाय पाच मीटरच्या पुलाला 50 टन! पूल रिकामा असेल तर तळ फुगतो, भेगा पडतात, हलका पूल अख्खाच उचलला जातो.

आता जुलैतलं ठाणं डोळ्यांसमोर आणा. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. येऊरच्या पायथ्याशी डोंगराचं पाणी जमिनीत मुरतं, आणि नवी मुंबईत खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीत पाणी असंही फार खोल नसतं. तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो खरा, पण गाळाने तुंबला की तो कामाचा नाही. पूल पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, असेल तर भूजलाची भीती नाही. तरी रिकाम्या पुलात पावसाचं पाणी साचणारच, आणि अशा साठ्यात डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

तेव्हा आपल्याकडे पूल भरलेलाच ठेवावा आणि फिल्टर रोज काही तास चालवावा. वीजबिल येईल, पण तळ दुरुस्त करण्याइतकं नाही. पावसाने क्लोरीन पातळ होतं, म्हणून तपासणी मात्र सुटता कामा नये.

पुन्हा उघडताना घाईघाईने क्लोरीन ओतण्याआधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते, बघा. जंतू मारणारं खरं रसायन म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पीएच 7.5 असेल तर क्लोरीनचा जवळपास निम्मा भाग या रूपात असतो, 8 वर गेला की जेमतेम पाव. म्हणजे क्लोरीनचे डबे तेवढेच रिकामे होतात आणि पाणी हिरवंच राहतं. भिंतींवरचं शेवाळही आधी ब्रशने घासून सुटं करावं लागतं. त्याच्या बुळबुळीत थराखाली क्लोरीन पोचत नाही.