शेवटच्या बाइटची जागा

लिनक्सच्या मशिनला पेनड्राइव्ह लावला की त्याला बहुधा ‘एसडीबी’ असं काहीतरी नाव मिळतं. हे नाव त्या पेनड्राइव्हचं नव्हेच. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क ज्या क्रमाने सापडल्या, त्यानुसार पडलेलं. काढून परत लावा, कदाचित तोच ‘एसडीसी’ होईल. प्लॅटफॉर्म नंबर बघून गाडीत बसावं आणि गाडीचं नाव वाचूच नये, तसं हे.

म्हणून डिस्कवर थेट लिहिणारा सी भाषेतला कोड तपासायला आला की मी आधी पाथ, म्हणजे डिस्कपर्यंतची वाट, शोधणारं फंक्शन उघडतो. कर्नल प्रत्येक डिस्कला एक नंबरही देतं; एसडीबीचा ८:१६. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल हार्डवेअरची माहिती जिथे फाइलींसारखी मांडतं तिथे, या नंबरची एक लिंक असते. ती पीसीआय, यूएसबी, पोर्ट अशी पायरी पायरीने डिस्कपर्यंतची वाट सांगते. ती वाचायला ‘रीडलिंक’ हे फंक्शन. आणि गोम इथेच आहे.

समजा, वाचलेली वाट ठेवायची जागा, म्हणजे बफर, ९६ बाइटचा आहे. पेनड्राइव्ह थेट पोर्टला लावला तर वाट साधारण ९० अक्षरांची होते, सगळं सुरळीत. मध्ये एक हब आला की ती ९८ वर जाते. रीडलिंक मुकाट्याने ९६ वर कापतं, ९६ हाच आकडा परत देतं आणि शेवटचा शून्य बाइट, म्हणजे सी भाषेत मजकूर संपल्याची खूण, लावतच नाही. पुढच्या ओळीत आपला कोड परत आलेला आकडा हीच जागा धरून तो शून्य स्वतः लावतो; सी शून्यापासून मोजते, म्हणून बफरच्या ९७व्या जागी, म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीत! त्यातून नेमका त्याच क्षणी कुणी पेनड्राइव्ह उपटला, तर रीडलिंक उणे १ देतं आणि शून्य जाऊन बसतो बफरच्या एक घर आधी. लिहिणाऱ्याच्या टेबलावर हब नसतो, त्यामुळे टेस्ट हिरव्या, म्हणजे पास.

दुरुस्ती एवढीशीच. शून्यासाठी एक जागा राखून ९५ बाइट मागायचे; उणे उत्तर आलं किंवा ९५च्या ९५ भरले, तर पाथ टाकून द्यायचा. अर्धवट पाथ चालवून घेणं मला तरी मान्य नाही.

दुसरी खोड जास्त महागात पडते: आधी ‘स्टॅट’ने (नावावरून फाइलची माहिती देणारं फंक्शन) नाव तपासायचं आणि मग तेच नाव उघडायचं. मधल्या मिलिसेकंदात नावामागची डिस्क बदलू शकते. त्यापेक्षा आधी उघडा, हातात आलेल्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर, ‘एफस्टॅट’ (तीच माहिती, पण नावाऐवजी उघडलेल्या फाइलची) चालवा, ते ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे डिस्कच, आहे ना आणि नंबर जुळतो ना ते बघा. यानंतर पेनड्राइव्ह निघाला तर लिहिताना एरर येईल. शेजारच्या डिस्कवर मात्र एक बाइटही जाणार नाही.