हॉक मॉथ
खवलेपंखी (लेपिडोप्टेरा) गणाच्या स्फिंजिडी कुलातील पतंग. जगात यांच्या सुमारे १,४५० जाती असून बहुतेक निशाचर आहेत. अंग मागे निमुळते, पुढचे पंख लांब व अरुंद. फुलावर न बसता हवेत एका जागी तरंगत सोंडेने मध पिणे ही यांची खासियत. उडण्यापूर्वी छातीचे स्नायू तापवावे लागतात. जिन्यातल्या दिव्याजवळ पंख थरथरवणारा पतंग घाबरलेला असतोच असे नाही, बऱ्याचदा तो उड्डाणाची तयारी करत असतो.

मुंबईत पतंगाआधी नजरेस पडतात त्या अळीच्या लेंड्या. सोसायटीतल्या तगरीखाली सकाळी मिऱ्यांएवढ्या, उभ्या खाचांच्या लेंड्या पडल्या असतील, तर वर कण्हेर हॉक मॉथची (डॅफनिस नेरिआय) अळी आहे असे खुशाल समजावे. ती मात्र पानांच्या रंगात अशी मिसळते की दहा मिनिटे शोधूनही सापडत नाही.

मादी पानांवर फिकट हिरवी अंडी एकेक करून घालते. अंड्यातून निघालेली अळी पिवळसर असते आणि तिच्या शेपटीवर लांब काळे शिंग असते. कात टाकत टाकत ती बोटाएवढी, हिरवीगार होते. शिंग आखूड होऊन नारिंगी पडते. डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके असतात. डिवचल्यावर ती डोके आत ओढून हा भाग फुगवते. तिला सापाचे पिल्लू समजून झोडपणारे कमी नाहीत. वास्तविक ते शिंग डंख मारत नाही. कण्हेरीचे विषही तिला बाधत नाही. वाढ पुरी झाली की ती तपकिरी होते, खाली उतरते आणि पाचोळ्यात विरळ रेशमी धाग्यांत कोश करते. रोज झाडलेल्या, पेव्हर ब्लॉक घातलेल्या आवारात तिची इथेच पंचाईत होते. कोशातून निघणाऱ्या पतंगाचे पंख शेवाळी हिरवे, गुलाबी छटांचे असून पसरल्यावर ९ ते ११ सेंमी. भरतात.

तीळ व वांग्यावर वाढणारा अकेरॉन्टिया स्टिक्स हा याच कुलातला. त्याच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते. तो पोळ्यात शिरून मध चोरतो आणि पकडल्यास चिरकतो. भारतातील जातींचे वर्णन टी. आर. बेल व एफ. बी. स्कॉट यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले; बेल मुंबई इलाख्यात वनाधिकारी होते.

रात्री दरवळणाऱ्या पांढऱ्या फुलांचे परागीकरण बरेचसे हेच पतंग करतात. देवचाफा त्यांना नुसत्या वासावर बोलावतो. त्याच्या फुलात मध नसतोच.