मृदा किरणोत्सर्गमापन (औष्णिक वीजकेंद्र परिसर)

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राभोवतीच्या मातीतील रेडियम-२२६, थोरियम-२३२ आणि पोटॅशियम-४० यांचे प्रमाण ठरविण्याची पद्धत. एकक बेक्वेरेल (सेकंदाला एका अणूचा ऱ्हास) प्रति किलोग्रॅम.

कोळसा जळाला की खनिजांश राखेत उरतो व त्याबरोबर युरेनियम-थोरियमही. भारतीय कोळशात राख साधारण ३० ते ४५ टक्के असल्याने राखेतील त्यांचे प्रमाण कोळशाच्या दुप्पट-तिप्पट भरते. कमी राखेच्या कोळशात ही वाढ कितीतरी जास्त. १९७८ मध्ये ओक रिज (अमेरिका) येथील संशोधकांनी कोळसा व अणुकेंद्रांच्या हवेतील उत्सर्जनाची तुलना केली. ‘राख अणुकचऱ्याहून घातक’ हा समज तिच्यावरून पसरला. मात्र तुलना सुरळीत चालणाऱ्या केंद्रांच्या हवेतील उत्सर्जनाची होती, वापरलेल्या अणुइंधनाची नव्हे. शिवाय एक टक्का राख धुरांड्यातून निसटते, असे तीत गृहीत होते. तेव्हा तो निष्कर्ष मर्यादित अर्थानेच घेणे इष्ट.

नमुना वाळवून, चाळून सुमारे चार आठवडे हवाबंद ठेवतात. रेडियमपासून निघणाऱ्या रेडॉन वायूचे अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावण्याचा काळ) ३.८ दिवस असल्याने तेवढ्या काळात तो व त्याची अपत्यद्रव्ये (ऱ्हासातून बनणारी मूलद्रव्ये) रेडियमशी समतोलात येतात. मग जर्मेनियम किंवा सोडियम आयोडाइड शोधकाने गॅमा वर्णपट (गॅमा किरणांची ऊर्जेनुसार नोंद) घेतात. रेडियमसाठी त्याच्या साखळीतील बिस्मथ-२१४ ची ६०९, थोरियमसाठी ॲक्टिनियम-२२८ ची ९११ व पोटॅशियम-४० ची १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा विशेष उपयोगी. नमुना किती खोल घ्यावा हा प्रश्न मात्र दुर्लक्षिला जातो : एक मिलिमीटर राखेचा थर १५ सेंटिमीटरच्या नमुन्यात दीडशेपट विरळ होतो. म्हणून वरचे ५ सेंटिमीटर वेगळे घेणे बरे.

सातारा-सांगलीत मोठे कोळसाधारित केंद्र नाही. कोयनेची वीज पाण्याची. जवळची केंद्रे जयगड (रत्नागिरी) व सोलापूरची. त्यामुळे हे जिल्हे तुलनेची मूळ पातळी ठरविण्यास सोयीचे. दख्खनच्या बेसाल्टात युरेनियम बहुधा दशलक्षांत एका भागाहून कमी, म्हणजे सुमारे १२ बेक्वेरेलच्या आत; जगातील मातीची मध्यगा (मधले मूल्य) ३५ आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्यात पोटॅशियम धुपून जाते, थोरियम मागे राहते. त्याची तुलना कृष्णाकाठच्या काळ्या मातीशी करू नये.

ऊसपट्ट्यात आणखी एक घोटाळा होतो. म्युरेट ऑफ पोटॅश खताच्या एका किलोत सुमारे १६,००० बेक्वेरेल पोटॅशियम-४० असते आणि फॉस्फेटी खतांतून युरेनियम येते. खोल नांगरटीने सारे एकजीव होते, म्हणून नमुन्यासाठी गायरान किंवा देवराईची न हललेली जमीन शोधतात. तेथे वरच्या थरात सीझियम-१३७ सापडले तर ते जुन्या अणुचाचण्यांचे. कोळशाशी त्याचा संबंध नाही.