कार्ब्युरेटरमधला बर्फ की नळीतली वाफ?

सोलापुरात कुणी ‘इंजिनात बर्फ धरला’ म्हटलं, तर समोरचा आधी याला ऊन लागलंय का ते बघेल. पण पुष्पकसारख्या जुन्या, कार्ब्युरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) चालणाऱ्या छोट्या विमानांना हा आजार इथेही होऊ शकतो, तोही ऐन आषाढ-श्रावणात. उन्हाळ्यातला आजार वेगळा, व्हेपर लॉक. त्यात नळीतच पेट्रोलची वाफ होते. दोन्हींत इंजिन मिस मारतं, दम सोडतं. आणि विमान उतरवून काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडेपर्यंत दोन्हींचा पुरावा गायब होतो: बर्फ वितळलेला, वाफेचं पुन्हा पेट्रोल झालेलं. मेस्त्री सगळं तपासून ‘काहीच नाही’ म्हणतो, आणि त्याचं खरंही असतं. म्हणून इंजिन नेमकं कधी आणि कसं बसलं, हे वैमानिकाला नीट सांगता आलं पाहिजे.

आधी बर्फ. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाताना तिचा दाब उतरतो, शिवाय पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. दोन्ही मिळून तापमान 30 अंशांहून जास्त खाली जाऊ शकतं. म्हणजे बाहेर 25 अंश असले तरी आत शून्याखाली. हवेत ओल असली की थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, चकतीभोवती बर्फ साचतो. 21 अंशांखालचं तापमान आणि 80 टक्क्यांवरची आर्द्रता सर्वांत धोक्याची. पण 38 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेतही बर्फ धरू शकतो. जुलै-ऑगस्टमधली सोलापूरची कुंद सकाळ यात आरामात बसते. उतरताना तर जास्तच जपावं लागतं. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, फट मुळात बारीक, थोडा बर्फही ती बुजवतो.

हा चोरपावलांनी येतो. पात्यांचा कोन न बदलणाऱ्या पंख्याच्या विमानात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) थोडा थोडा घसरतो आणि वैमानिक नकळत थ्रॉटल पुढे सरकवत राहतो. उपाय एकच: कार्ब हीट, म्हणजे एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत घेणं. खरी परीक्षा इथे आहे. बर्फ नसेल तर आरपीएम थोडा पडतो आणि तिथेच थांबतो. बर्फ असेल तर आधी आणखी पडतो, वितळलेलं पाणी आत गेल्यानं इंजिन खडखडतं, गचके देतं, आणि मग आरपीएम वर चढतो. मधले ते सेकंद जीव टांगणीला लावतात. घाबरून कार्ब हीट बंद केली की सगळं मुसळ केरात. अर्धवट ओढणंही वाईट. एरवी न धरणारा बर्फ त्या कोमट हवेत धरू शकतो. ओढायची तर पूर्ण.

1958 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या पुष्पकला कॉन्टिनेन्टलचं 90 अश्वशक्तीचं इंजिन आहे. लायकोमिंगच्या बऱ्याच इंजिनांत कार्ब्युरेटर ऑइल संपला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) चिकटलेला असतो, आत जाणारं मिश्रण गरम तेलाजवळून जातं. कॉन्टिनेन्टलला ती ऊब नाही, त्यामुळे बर्फाची तक्रार त्यांच्यात जास्त.

व्हेपर लॉक ओळखायला जुन्या फियाटवाल्यांना शिकवावं लागणार नाही. मे महिन्यात घाटात गाडी बंद पडली की इंजिनाजवळच्या इंधनपंपावर ओलं फडकं टाकून बसायचं, तोच हा प्रकार. विमान तापलेल्या धावपट्टीवर बराच वेळ उभं राहतं, बंद इंजिनाची धग नळ्यांत शिरते, आणि उड्डाणानंतर चढताना इंजिन एकाएकी खाली-वर करू लागतं. इंधनदाबाचा काटा असेल तर तो थरथरतो. इथे कार्ब हीटचा काही उपयोग नाही, उलट उरलीसुरली ताकदही जाते. नाक खाली करून वेग वाढवायचा, इंजिनाला वारा द्यायचा, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) ठेवायचं, बूस्ट पंप (जोडीचा इंधनपंप) असेल तर लावायचा. वरच्या पंखातून आपोआप उतरणाऱ्या इंधनात हा त्रास कमी, खालच्या टाकीतून पंपानं ओढाव्या लागणाऱ्या इंधनात जास्त. गाडीचं पेट्रोल तर विषयच नको. ते एव्हगॅसपेक्षा (विमानाच्या पेट्रोलपेक्षा) लवकर वाफाळतं आणि आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं.

मे महिन्यात तिसराच एक गैरसमज होतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटरवर. पारा 42 वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाच्या लेखी आपण दीड हजार मीटरवर असतो. चढाई मंदावते, पण इंजिन एकसुरात चालतं. तो बिघाडच नाही.

इंजिन गचके देतंय, पण हवा कोरडी आणि संध्याकाळ गार, मग बर्फही नाही आणि वाफही नाही. अशा वेळी आधी टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारी नळी) बघावा. कुंभारमाशीला ती बारीक नळी फार आवडते, मातीचं घरटं करून ती तोंड बुजवते. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर ‘स्स’ आवाज आला, तर कार्ब्युरेटर खोलायच्या आधी एक बारीक तार घ्या.